राहतो पुण्यात, धायरीला. मग खासदार बारामतीचा कसा? विधानसभेचे मतदारसंघ ठरतात तरी कसे?

कारण महापालिकेची हद्द आणि मतदारसंघाची हद्द यांचा एकमेकींशी संबंध नाही. धायरी विधानसभेला खडकवासला मतदारसंघात येते आणि खडकवासला लोकसभेला बारामतीत. तसंच हडपसर शिरूरमध्ये. पुणे लोकसभेत सहाच मतदारसंघ आहेत: कसबा पेठ, कोथरूड, शिवाजीनगर, पर्वती, वडगाव शेरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट.

विधानसभेच्या जागा २८८, त्यातल्या २१ पुणे जिल्ह्यात. एका मतदारसंघातून एकच आमदार, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं लागतात हा गैरसमज आहे. मात्र सरकार बनवायला १४५ आमदार लागतात.

या सीमा परिसीमन आयोग आखतो. सध्याच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या आहेत आणि २००९ च्या निवडणुकीपासून लागू आहेत. कोथरूड मतदारसंघ तेव्हाच नव्याने झाला. त्यानंतर धायरी, वाघोली, वाकडकडे किती वस्ती वाढली ते आपण बघतोच! तरी आमदार तेवढेच. मला हा सरळ अन्याय वाटतो.

आणि हो, महापालिकेचे प्रभाग वेगळेच असतात. घर बदललं असेल तर मतदार यादीत नाव कुठल्या मतदारसंघात आहे ते आत्ताच तपासा, निवडणूक तोंडावर आल्यावर नको.