३०% समुद्र संरक्षित होणारच आहे, मग प्रवाळांसाठी वेगळे इंडिकेटर कशाला?

तुम्ही विचारलंय की २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जैवविविधता आराखड्यात २०३० पर्यंत ३०% समुद्र संरक्षित करायचं ठरलंच आहे, मग प्रवाळांचं वेगळं मोजमाप, म्हणजे वेगळे इंडिकेटर, कशाला. प्रश्न रास्त आहे, पण नकाशावर हद्द आखली म्हणून पाणी तापायचं थांबत नाही हो. शिवाय प्रवाळ मेले तरी रीफ, म्हणजे त्यांनी बांधलेली खडकासारखी रचना, जागच्या जागीच असते, चुनखडीचा सांगाडा कित्येक वर्षं उभा राहतो, त्यामुळे नुसतं क्षेत्रफळ मोजलं तर कालही तेवढंच आणि आजही तेवढंच.

म्हणून जिवंत प्रवाळाचं प्रमाण मोजावं लागतं. पाण्याखाली टेप ताणायची, तिच्या कडेने ठराविक अंतरावर फोटो काढायचे, मग कंप्युटरवर प्रत्येक फोटोवर ठिपके टाकून एकेका ठिपक्याखाली काय आहे ते नोंदवायचं, जिवंत प्रवाळ, शेवाळ, मेलेला सांगाडा की नुसती वाळू. किचकट काम आहे, पण पुढची सगळी तुलना यावरच उभी असते. ग्लोबल कोरल रीफ मॉनिटरिंग नेटवर्कने ७३ देशांतल्या सर्व्हेंचा डेटा एकत्र केला तेव्हा कुठे कळलं की २००९ ते २०१८ मध्ये जगातले सुमारे १४% प्रवाळ गेले.

पण हा एकच आकडा धरून बसलात तरी फसाल. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर आणि मध्य भागात २०२२ मध्ये जिवंत प्रवाळाचं प्रमाण ३६ वर्षांतलं सर्वात जास्त होतं, सगळे खूश, पण ती वाढ बहुतांशी अ‍ॅक्रोपोरा या एका गटाच्या प्रवाळांची. हे प्रवाळ भराभर वाढतात आणि उष्णतेत, वादळात, प्रवाळ खाणाऱ्या क्राउन ऑफ थॉर्न्स तारामाशांच्या धाडीत आधी तेच जातात, २०२४ च्या ब्लीचिंगनंतर (पाणी तापून प्रवाळ पांढरे पडतात ते) प्रमाण घसरलंच. त्यामुळे कुठल्या जातीचे प्रवाळ आहेत, शेवाळ किती आणि माशांचं बायोमास, म्हणजे एकूण वजन, किती हेही सोबत हवं. शेवाळ खाणारे पोपटमासे वगैरे बेसुमार पकडले की शेवाळ माजतं आणि प्रवाळांच्या पिल्लांना चिकटायला जागाच उरत नाही, हे दोन-तीन आकडे एकत्र ठेवले तरच दिसतं.

आता धोरणाचं. या आराखड्याआधीच्या जागतिक जैवविविधता उद्दिष्टांत, म्हणजे आयची उद्दिष्टांत, दहावं उद्दिष्ट थेट प्रवाळांचं होतं, मुदत २०१५, ती हुकली. कुनमिंग-मॉन्ट्रियलच्या नव्या २३ उद्दिष्टांत प्रवाळांचं नावसुद्धा नाही. इंडिकेटरमध्ये हेडलाइन, म्हणजे मुख्य, इंडिकेटर देशांना कळवावेच लागतात, जिवंत प्रवाळाचं प्रमाण मात्र ऐच्छिक गटात टाकलंय, आणि ऐच्छिक गोष्टीसाठी सर्व्हेचं बजेट कुठलं खातं देणार? मला याचाच राग येतो, कारण २०२३ पासून जगातल्या ८०% हून जास्त रीफ क्षेत्राने ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता सोसली आहे आणि ३०% चा आकडा गाठला तरी त्यातलं काहीच अहवालात उमटणार नाही.

निदान रीफ असलेल्या देशांनी तरी आपल्या राष्ट्रीय जैवविविधता कृती आराखड्यात हे इंडिकेटर स्वतःहून घालावेत, त्याला कोणाची आडकाठी नाही. पुढचे राष्ट्रीय अहवाल २०२९ चे आहेत, म्हणजे तुलनेसाठी लागणारे सर्व्हे आत्ताच सुरू व्हायला हवेत.