ती वायर उपटण्याआधी तिचा फोटो काढा

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात नर्स आहे. चौदा महिन्यांपूर्वी आम्ही श्रॉपशरमधल्या एका खेड्यात जुनं, लाकडी सांगाड्याचं घर घेतलं. घर ‘ग्रेड टू लिस्टेड’, म्हणजे वारसा यादीतलं आहे. विकणाऱ्याने माहितीच्या फॉर्मवर ‘१ जानेवारी २००५ नंतर विजेचं काम झालेलं नाही’ असं लिहून दिलं होतं. गेल्या महिन्यात इलेक्ट्रिशियनने तपासणी केली. अहवालात एक सी-१ आणि पाच सी-२ शेरे आहेत. नव्या वायरिंगचा अंदाज ११,४०० पौंड दिलाय. माझ्या यजमानांकडे महाराष्ट्राचा वायरमन परवाना आहे, इचलकरंजीच्या कारखान्यांत बारा वर्षं हेच काम केलंय. ते म्हणतात, सुट्टीत मीच सगळं काढून नवीन करतो. चालेल का? खर्च जुन्या मालकाकडून मागता येईल का? मागच्या गोठ्याची केलेली खोली एका सहकारी मुलीला भाड्याने द्यायचंही मनात आहे.

उत्तर : ताई, अहवाल आणि फोटो दोन्ही नीट पाहिले. तिसऱ्या फोटोत जिन्याखालचा फ्यूज बोर्ड दिसतो. त्याला झाकण नाही, आतली पितळी पट्टी उघडी आहे, आणि शेजारच्या खुंटीवर लहान मुलाचा रेनकोट टांगलाय. तुमचा सी-१ हाच. सी-१ म्हणजे धोका आत्ता हाताशी आहे, सी-२ म्हणजे काही बिघडलं तर धोका. सी-१ दिसला की चांगला इलेक्ट्रिशियन तुम्हाला विचारून त्याच दिवशी तेवढा भाग बंद तरी करतो. तुमच्या अहवालात तशी नोंद नाही. तेव्हा हे उत्तर वाचून झालं की त्याला फोन करा आणि एवढं काम उद्याच्या उद्या करून घ्या. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही.

बाकी वायरिंग मात्र लगेच उपटू नका. यजमानांचा हात चांगला असेल यात मला शंका नाही, पण त्या भिंतींत तुमचा पुरावा आहे.

अहवालात लिहिलंय की माडीवरची वायर रबराच्या आवरणाची आहे, वाकवली की आवरण बिस्किटासारखं चुरतं. अशी वायर साधारण १९५०-६० च्या दशकापर्यंत वापरात होती. ती विकणाऱ्याने टाकलेली नाही, आणि घर जुनं होतं हे तुम्हालाही दिसत होतं. इथला नियम अजूनही ‘घेणाऱ्याने बघून घ्यावं’ असाच आहे. जुनी वायर सांगितली नाही म्हणून दावा टिकत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं खोटं उत्तर दिलं तर टिकतो.

आता सातवा फोटो बघा. न्हाणीघराच्या शॉवरला जाणारी जाड वायर तपकिरी-निळी आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी आपल्यासारखीच पद्धत होती : फेज लाल, न्यूट्रल काळा. मार्च २००४ च्या अखेरीपासून तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल हे रंग वापरायला मुभा मिळाली, आणि १ एप्रिल २००६ पासून ते सक्तीचे झाले. (हे यजमानांना मुद्दाम सांगा. आपल्याकडे निळी वायर म्हणजे तिसरी फेज, इथे ती न्यूट्रल. सवयीचा हात इथे घात करू शकतो.) म्हणजे शॉवरची लाइन २००४ च्या आधीची नाही. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण २००४ च्या उन्हाळ्यात काम झालं असं समोरचा म्हणू शकतो. म्हणून शॉवरच्या लाइनचा बाहेरचा छोटा धातूचा बोर्ड महत्त्वाचा. घरगुती बोर्डाची पेटी न जळणारी हवी, हा नियम १ जानेवारी २०१६ पासून आला. धातूच्या पेट्या त्याआधीही मिळत होत्या, म्हणून इलेक्ट्रिशियनला आतल्या स्विचवरचा उत्पादन-क्रमांक आणि तारीख बघून लेखी द्यायला सांगा. तुम्ही पाठवलेल्या मालकी नोंदीनुसार विकणारे २००३ पासून मालक होते. त्यांच्या काळात काम झालं असेल तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणणं त्यांना जड जाईल.

१९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन (करारासाठी खोटी माहिती देणं) कायद्याचा इथे तुम्हाला आधार आहे. विधान खोटं होतं एवढं तुम्ही दाखवलं की ते खरं मानायला रास्त कारण होतं, हे सिद्ध करणं विकणाऱ्याच्या अंगावर येतं. तुमचा सर्व्हेअर, म्हणजे खरेदीआधी घराची पाहणी करणारा, ‘इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या’ म्हणाला होता आणि तुम्ही घेतलं नाही, याची तुम्हाला चुटपुट लागलीय. त्यामुळे सर्व्हेअरवर दावा जवळजवळ संपतो, कारण तो वायरिंगची चाचणी करतच नाही. विकणाऱ्यावरचा दावा मात्र त्याने संपत नाही. १८८१ च्या रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड खटल्यात घेणाऱ्याला कागद बघायची संधी होती, त्याने ते नीट बघितले नाहीत. तरी न्यायालय म्हणालं, खोटं सांगणाऱ्याला ‘तू तपासायला हवं होतंस’ ही सबब नाही.

पण ११,४०० चं अख्खं बिल मिळेल अशी आशा ठेवू नका. रबराची वायर आज ना उद्या बदलावीच लागली असती, तो खर्च विकणाऱ्याचा नाही. खोट्या उत्तरामुळे तुमचं जेवढं नुकसान झालं, तेवढंच मागायचं. माझ्या मते ते शॉवरची लाइन, तो बोर्ड आणि त्यांच्या दुरुस्तीच्या आसपास येईल. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून अंदाजपत्रक दोन भागांत फोडून घ्या : २००५ नंतरच्या कामाचं वेगळं, जुन्याचं वेगळं. आकडा १०,००० पौंडांच्या आत राहिला तर स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या न्यायालयीन मार्गाने, जाता येतं. तिथे हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा डोक्यावर बसत नाही. मुदत साधारण सहा वर्षांची आहे, त्यामुळे त्या बाबतीत घाई नाही.

माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, त्यांनी आधी घर सोलून नवं वायरिंग केलं आणि मग मला विचारलं. जुन्या वायरी भंगारात गेल्या होत्या. दावा खरा होता, हातात मात्र काही नव्हतं. म्हणून प्रत्येक जागेचा फोटो, तारीख, आणि कापलेल्या वायरीचा हातभर तुकडा पिशवीत चिठ्ठी लावून ठेवा.

काउन्सिलला (स्थानिक नगरपालिकेला) फोन करण्याआधी खरेदीच्या फाइलमध्ये ‘इंडेम्निटी पॉलिसी’ आहे का बघा. कामाचं प्रमाणपत्र नसलं की खरेदीच्या वेळी वकील बऱ्याचदा अशी एक स्वस्त पॉलिसी काढून देतात. तिची जवळजवळ नेहमीची अट अशी की तुम्ही स्वतः काउन्सिलला त्या कामाबद्दल कळवलं तर संरक्षण गेलं. ती असली तर काउन्सिलशी बोलायच्या आधी मला कळवा. एक लक्षात असू द्या : अशी पॉलिसी काउन्सिलच्या कारवाईचा खर्च देते. वायर सुरक्षित करत नाही आणि आग लागली तर उपयोगीही पडत नाही.

आता यजमानांचा प्रश्न. इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरातलं वायरिंग स्वतः करणं गुन्हा नाही. महाराष्ट्रात नव्या कनेक्शनला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यामुळे हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पण महाराष्ट्राचा परवाना इथे नोंदणी म्हणून चालत नाही. नवी सर्किट, नवा बोर्ड, आणि न्हाणीघरातल्या शॉवर-टबाजवळचे बदल ‘पार्ट पी’खाली, म्हणजे बांधकाम नियमांतल्या विजेच्या भागाखाली, कळवावे लागतात. (वेल्सची यादी वेगळी आहे. तुमचं गाव हद्दीजवळ असलं तरी इंग्लंडमध्येच येतं.) नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन आपल्या संस्थेमार्फत, म्हणजे एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या, स्वतः प्रमाणपत्र देतो. यजमानांनी करायचं तर काम सुरू करण्याआधी काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला नोटीस आणि फी द्यावी लागेल. माझा सल्ला मधल्या वाटेचा आहे. नोंदणीकृत माणूस आधीच गाठा, आखणी, जोडण्या आणि चाचणी त्याची, नळ्या-केबल ओढण्याचं अंगमेहनतीचं काम यजमानांचं. भिंत बुजण्याआधी त्याने प्रत्येक केबल बघितलेली असावी. नंतर बघून सही द्यायला कुणी तयार होत नाही. तुम्हाला वीज खांबावरून येते, अर्थिंग घराच्या सळईवर आहे, आणि अहवाल म्हणतो त्या सळईचा रोध जास्त आहे. अशा घरात आरसीडी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा आपल्याकडचा ईएलसीबी, नसणं फार गंभीर. चाचणीचं यंत्र वापरून सही करणारा माणूस इथे हवाच. आणि मीटरच्या आधीचा मुख्य फ्यूज वितरण कंपनीचा असतो. त्याच्या सीलला यजमानांनी हात लावायचा नाही.

लिस्टेड घराचा मुद्दा सगळ्यात महाग पडू शकतो. जुन्याच वाटांनी केबल ओढली तर सहसा काउन्सिलची संमती लागत नाही. पण जुना गिलावा खोदून खाचा पाडल्या, सांगाड्याचं लाकूड कोरलं, तर घराच्या वैशिष्ट्याला धक्का लागतो, आणि लिस्टेड इमारतींच्या १९९० च्या कायद्याच्या कलम ९ खाली तो फौजदारी गुन्हा होतो. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला कमाल मर्यादा नाही. दुरुस्तीची नोटीस कितीही वर्षांनी येऊ शकते, तीसुद्धा त्या वेळच्या मालकाला. म्हणजे विकणाऱ्याने खाच पाडलेली असली तरी नोटीस तुम्हालाच. संमतीच्या अर्जाला फी नाही. इंडेम्निटी पॉलिसीचा उलगडा झाला की काउन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला (जुन्या इमारतींच्या जतनाचा अधिकारी) केबलच्या वाटेचं कच्चं रेखाचित्र पाठवा आणि उत्तर लेखीच घ्या.

माळ्यावर चढाल तेव्हा तुळईवर गव्हाच्या दाण्याएवढी काळी लेंडी दिसते का बघा. चिमटीत चुरली तर ती बहुधा वटवाघळाची. उंदराची कडक असते. वटवाघळं आणि त्यांची घरटी इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. दिसलं तर माळ्यावरचं काम थांबवून आधी सल्ला घ्या.

घराच्या विम्याचं : पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने घराच्या स्थितीबद्दल विचारलं तर हा अहवाल हातात असताना ‘सगळं ठीक’ असं लिहू नका. २०१२ च्या कायद्यानुसार विचारलेल्याचं काळजीपूर्वक खरं उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर आगीचा दावा पूर्ण नाकारता येतो.

गोठ्याची खोली. ती मुलगी तुमच्याच स्वयंपाकघरात वावरणारी पाहुणी-भाडेकरू असती तर भाड्याच्या घरांचे २०२० चे वीज-सुरक्षा नियम लागले नसते. पण त्या खोलीला स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाक आणि न्हाणी आहे, म्हणून ते लागतील. समाधानकारक तपासणी अहवाल हवा, ती राहायला येण्याआधी त्याची प्रत तिच्या हातात द्यायची, आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. नियम आले तेव्हाच कमाल दंड ३०,००० पौंडांचा होता. गोठ्याची लाइन त्याच उघड्या बोर्डावरून जाते. त्या मुलीला घराची घाई आहे असं तुम्ही लिहिलंय, तरी नवा बोर्ड बसेपर्यंत तिला किल्ली देऊ नका.

विकणारे शेजारच्याच गावात राहतात, रविवारी चर्चजवळ भेटतात, म्हणून तुम्हाला संकोच वाटतो, तो समजतो. सुरुवात दाव्याने करायचीच नाही. एक साधं पत्र : फॉर्मवरचं उत्तर हे, सापडलं हे, फोटो हे, इलेक्ट्रिशियनचं म्हणणं हे, आणि १४ दिवसांत तुमचं म्हणणं कळवा. न्यायालयालाही आधी असं पत्र दिलेलं हवं असतं. अंदाजपत्रकाचे दोन भाग हातात आले की मसुदा मला पाठवा, मी बघून देईन.