कूलरचं दुकान: इन्स्टा, फेसबुक, गुगल, व्हॉट्सअ‍ॅप एका सुतात कसे ओवायचे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबांचं नागपूरच्या इतवारीत कूलरचं दुकान. सीझनमध्ये महिन्याला २५ हजार जाहिरातीवर जातात. इन्स्टाग्राम चुलतभाऊ सांभाळतो, फेसबुकच्या जाहिराती एजन्सी चालवते, व्हॉट्सअ‍ॅप बाबांच्या फोनवर आणि गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीकडे कुणाचंच लक्ष नाही. ‘सगळीकडे आहोत, पण मेळ नाही,’ असं तुम्ही लिहिलंय आणि एजन्सी बजेट वाढवा म्हणते. माझं स्पष्ट मत आहे की या सीझनला एक रुपयाही वाढवू नका.

मेळ नसला की काय होतं ते मला एका गिऱ्हाइकानं शिकवलं. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका दुकानाचं काम बघत होतो. एप्रिलची दुपार, कामठीहून एक काका मुलाला मागे बसवून स्कूटरवर आले. आमची जाहिरात उघडून त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. ‘भाऊ, इथं तर घरपोच फुकट लिहिलं आहे, मग तीनशे काहून मागून राहिले?’ फुकट घरपोच फक्त शहरापुरतं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं होतं, जाहिरातीत लिहायचं मी विसरलो होतो आणि काउंटरवरच्या पोराला दोन्हीतलं काही माहीत नव्हतं. काका भांडले नाहीत. फोन खिशात टाकला आणि तसेच उन्हात परत गेले. चूक माझी होती, आणि ते तीनशे मी खिशातून भरायला हवे होते असं आजही वाटतं.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. एका पानावर लिहून काढा: कुठलं मॉडेल, टाकी किती लिटरची, वाळ्याच्या ताट्या की हनीकोंब पॅड, स्टँड किमतीत धरलाय की वेगळा, मोटरची वॉरंटी किती, घरपोच कुठपर्यंत फुकट आणि त्यापुढे किती. दुकानाचं नाव नेमकं कसं लिहायचं आणि कुठला एकच फोन नंबर द्यायचा, तेही त्यातच. पाटीवर ‘अँड सन्स’ आणि इन्स्टावर नुसतं आडनाव असेल, तर शोधणाऱ्याला ती दोन दुकानं वाटतात. हे पान काउंटरमागे चिकटवा. भाव बदलला की आधी पानावर बदलेल, मग त्याच दिवशी बाकी सगळीकडे. पानावर नाही ते कुणीही, एजन्सीनंसुद्धा, लिहायचं नाही. याची जबाबदारी एकाच माणसाकडे हवी आणि ती तुम्ही घ्या.

आता कुठल्या माध्यमाकडून कुठलं काम घ्यायचं ते. इथे बहुतेक जण एकच पोस्टर चारही ठिकाणी टाकतात आणि त्यालाच मेळ समजतात. पण कूलर घेणारा माणूस फेब्रुवारीत वेगळा असतो आणि मे महिन्यात वेगळा.

होळीच्या आसपास लोक कूलरवरचं प्लास्टिक काढतात. ताट्या सडलेल्या, पंप जाम. त्या आठवड्यात त्यांना नवा कूलर नको असतो, ताट्या बदलून देणारा माणूस हवा असतो. हे काम व्हॉट्सअ‍ॅपचं, आणि ते जुन्या बिलबुकातून सुरू होतं. गेल्या तीन-चार सीझनची गिऱ्हाइकं फोनमध्ये भरा, व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस अ‍ॅपमध्ये त्यांना लेबलं लावा. ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. त्यामुळे बिल देतानाच ‘नंबर सेव्ह करून घ्या, सर्व्हिसला लागेल’ असं म्हणायची सवय बाबांना लावा. नको म्हणणाऱ्याला यादीतून काढा. लोकांनी ब्लॉक करायला सुरुवात केली तर नंबरच धोक्यात येतो. ताट्या बदलायला गेलेल्या कारागिराला पत्रा गंजून खालून पाणी गळताना दिसलं, तर नव्या कूलरचं बोलणं तिथेच सुरू होतं. इतकं स्वस्त गिऱ्हाईक कुठल्याही जाहिरातीतून मिळत नाही.

मार्च-एप्रिल रील्सचे. चुलतभाऊ सध्या गाणी लावून कूलरचे फोटो फिरवतो ना, ते थांबवा. मनीषनगरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये खिडकीत कूलर कसा बसतो, त्याला किती इंच जागा लागते, फुल स्पीडवर आवाज किती येतो, हे न कापता दाखवा. कारण फोनवर लोक हेच विचारतात: ‘आमच्या खिडकीत बसेल का?’ जी रील चालेल तीच एजन्सीला फेसबुकवर जाहिरात म्हणून द्या. घरपोच जिथवर नेता तेवढ्याच अंतरात आणि लोकांनी मेसेज करावा हाच हेतू ठेवून. नुसत्या लाइक्सचे पैसे आता बंद.

आणि मे, विशेषतः नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस. ज्याचा कूलर रात्री बंद पडला तो सकाळी रील बघत बसत नाही. तो गुगलवर शोधतो, पहिल्या दोन-तीन दुकानांना फोन लावतो आणि संध्याकाळपर्यंत कूलर घरी हवा म्हणतो. तेव्हा फेसबुकचे पैसे काढून गुगल सर्चला लावा. त्याआधी, म्हणजे आत्ताच, गुगलवरची नोंद ताब्यात घ्या. वेळा खऱ्या लिहा, सुटीचा दिवस खरा लिहा, दुकानाचा समोरून फोटो टाका आणि गाडी कुठे लावायची ते लिहा. इतवारीत यायला लोक पार्किंगच्या धास्तीनंच टाळाटाळ करतात. रिव्ह्यू कूलर बसवल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागा, घर गार झालेलं असतं तेव्हा. त्याबदल्यात सूट देऊ नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही.

मोजायचं कसं? वेबसाइट नसली तरी अडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज घालता येतो. इन्स्टाच्या बायोतल्या लिंकमध्ये ‘रील पाहिली, भाव सांगा’, फेसबुकच्या जाहिरातीत वेगळं वाक्य, दुकानातल्या क्यूआर कोडमध्ये तिसरं. पहिल्याच मेसेजवरून माणूस कुठून आला ते कळतं. जे थेट दुकानात येतात त्यांच्यासाठी बिलबुकात ‘कुठून कळलं’ असा एक रकाना आखा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. माणूस रील बघतो, विसरतो, आठ दिवसांनी दुकानाचं नाव गुगलवर टाकून फोन करतो. हिशेबात ते गिऱ्हाईक गुगलचं दिसतं आणि रील फुकट गेली असं वाटतं. गुगलच्या नोंदीत लोक कुठले शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. तिथे तुमच्या नावाचे शोध आणि नुसत्या ‘कूलर’चे शोध दर महिन्याला वेगळे लिहून ठेवा. एप्रिलमध्ये नावाचे शोध वाढले तर त्यात रीलचा हात आहे असं धरा, आणि भावाला ते सांगा. त्याला हुरूप येईल.

२५ हजारांत १८ टक्के जीएसटी आणि एजन्सीची फी धरलेली आहे का, तेही विचारा. जाहिरातीवर प्रत्यक्ष किती लागतात हा आकडा अनेक दुकानदारांना माहीतच नसतो.

हे सगळं एजन्सीपुढे मांडण्याआधी आज रात्रीच एक करा. फेसबुक पेजवर पूर्ण ताबा कुणाचा आहे आणि जाहिरातीचं खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा. दोन्ही एजन्सीच्याच नावावर असेल तर आधी तुमचा आणि बाबांचा ताबा त्यात घालून घ्या, बजेटचं बोलणं नंतर. आणि बिलबुकं किती वर्षांची सापडतात ते इथे कळवा, लेबलं कशी पाडायची ते मी लिहून देतो.