रंगपेटी : लंका जाळायची आहे, स्क्रीनशॉट नको

प्रश्न : ताई, नमस्कार. ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा कार्टूनपट लहानपणी टीव्हीवर लागला की आम्ही भावंडं ताटं घेऊन समोर बसायचो. २०२५च्या जानेवारीत तो थिएटरात पुन्हा लागला, तेव्हा लेकाला घेऊन गेले. हनुमान लंका पेटवतो ते दृश्य हॉलच्या भिंतीसाठी करावं असं तेव्हापासून डोक्यात आहे. नुसतं पेंटिंग नको. कापड, कागद, रंग असं सगळं एकत्र हवं. मैत्रीण म्हणते, मोबाइलवर स्क्रीनशॉट घे, मोठा प्रिंट काढ आणि त्यावर चिकटव. जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल, पण करू नका. प्रिंटवर चिकटवलेलं कापड कायम उपरं दिसतं, कारण खालचं चित्र पूर्णच असतं; त्याला तुमच्या कापडाची गरज नसते. दुसरं म्हणजे कार्टूनपट मध्येच थांबवला की हाती बहुतेक वेळा अधलीमधली पोझ येते. चालत्या चित्रात ती खपून जाते. भिंतीवर टांगली की हात वाकडा आणि डोळा अर्धवट मिटलेला, असं ध्यान दिसतं.

त्यापेक्षा तो चित्रपट ज्या पद्धतीने केला, तीच उचला. १९९२चा हा चित्रपट जपानच्या युगो साको यांनी मनावर घेतला, आणि त्यांच्यासोबत कोइची सासाकी व आपले अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांनी तो दिग्दर्शित केला. सगळं काम हातचं, सेल अ‍ॅनिमेशनचं; सेल म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक शीट. म्हणजे पडद्यावर एकसंध दिसणाऱ्या चित्रात खाली कागदावर रंगवलेली पार्श्वभूमी असते आणि तिच्यावर पारदर्शक सेलवर रंगवलेलं पात्र ठेवलेलं असतं. अहो, हे मुळातच मिक्स्ड मीडिया आहे, म्हणजे वेगवेगळी माध्यमं एकाच चित्रात! ऐंशीच्या दशकात मी मुंबईत जाहिरातपटांसाठी सेल रंगवायचे, त्यामुळे या विषयावर माझं जरा लांबतं, सांभाळून घ्या.

आधी चित्रपट एकदा बघा आणि बंद करून ठेवा. मग आठवणीतून पोस्टकार्डाएवढी दोन-चार कच्ची चित्रं पेन्सिलने काढा. जे ठळक आठवतंय तेच तुमचं चित्र. शेपटीची ज्योत आठवत असेल तर ती मोठी करा. महाल धूसर आठवत असतील तर धूसरच ठेवा.

हनुमानासाठी स्टेशनरीच्या दुकानातून ओएचपी शीट, म्हणजे प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक प्लास्टिक शीट आणा. शीट घेताना नीट विचारा : इंकजेटवाल्या शीटच्या एका बाजूला खरबरीत थर असतो, तो नको, झेरॉक्सला चालणारी, दोन्हीकडून गुळगुळीत हवी. कापसाला थोडं स्पिरिट लावून दोन्ही बाजू पुसून घ्या आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका. आम्ही पातळ सुती हातमोजे घालायचो, ब्रश धरायची दोन-तीन बोटं तेवढी कापलेली. शीट कच्च्या चित्रावर ठेवून पर्मनंट मार्करने पुढच्या बाजूला रेघ मारा. मग शीट पालथी घाला आणि रंग मागून भरा. रेघ पुढे, रंग मागे. त्यामुळे ब्रश थोडा रेघेवर गेला तरी पुढून कडा साफ दिसते.

मागून भरायचं म्हणजे क्रम उलटा, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. डोळ्यातली बुबुळं आधी, मग डोळ्याचा पांढरा, मग दागिने, मग सावलीचा रंग आणि सगळ्यात शेवटी अंगाचा रंग. अंग आधी रंगवलंत तर डोळे कायमचे त्याच्या मागे गेले. रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या आणि धिरड्याच्या पिठाइतका सैल ठेवा. जास्त पाणी घातलंत तर प्लास्टिकवर त्याचे थेंब थेंब होतात. ब्रशने घासायचं नाही. रंगाचं थारोळं टाकायचं आणि ब्रशच्या टोकाने ते रेघेपर्यंत ढकलत न्यायचं. वाळला की शीट उजेडासमोर धरा; टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकतील, तिथे दुसरा हात द्या. काम चालू असताना गदा भलत्याच हातात दिसेल. दिसू दे, पालथं आहे ते.

आता लंका. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड वॉटरकलर पेपर घ्या आणि त्यावर पोस्टर कलर. रात्रीच्या आकाशासाठी काळ्या रंगाची बाटली उघडूच नका. प्रशियन ब्लूमध्ये थोडा क्रिमसन घाला. आगीच्या शेजारी तो काळ्यापेक्षा खोल दिसतो. पोस्टर कलर वाळल्यावरही पाणी लागलं की पुन्हा सुटतो, म्हणून त्यावर ओला फेव्हिकॉल लावायचा नाही. रंगाचं सगळं काम आधी संपवा, चिकटवायला दुहेरी टेप वापरा.

सोन्याच्या लंकेला सोनेरी रंग आणू नका, तो बाजारू दिसतो. जुन्या साडीचा जरीचा काठ असेल तर त्याचे महाल करा. कापण्याआधी काठाच्या मागून पातळ फेव्हिकॉलचा हात फिरवा आणि पूर्ण वाळू द्या, म्हणजे कात्री लावल्यावर जरीचे धागे सुटत नाहीत. कुठे काठ आडवा लावा, कुठे उभा. उजेड जरीवर वेगवेगळा पडतो आणि एकाच काठातून दोन भिंती उभ्या राहतात. ज्वाळांना पतंगी कागद. तो कापायचा नाही, हाताने फाडायचा. पिवळ्यावर केशरी, त्यावर लाल असे थर दिले की जिथे तीन थर जमतात तिथे आपोआप धग येते. याला ग्लू स्टिकच वापरा, ओल्या डिंकाने पतंगी कागदाचा रंग फुटतो. धुराला चित्रकलेच्या दुकानातला कोळसा बोटाने पसरवा आणि वर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा धरून ठेवणारा फवारा मारा. हेअर स्प्रे मारायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. तो पुढे पिवळा पडतो.

शेवटी कागद आणि शीट यांच्यामध्ये कडेने पाच मिलिमीटर फोम बोर्डाच्या पट्ट्या द्या. हनुमानाची सावली लंकेवर पडते, आणि तुम्ही खोलीत इकडून तिकडे गेलात की तो थोडा हलल्यासारखा वाटतो. फ्रेमवाल्याला खोल फ्रेम मागा आणि पतंगी कागदाचा रंग उन्हाने उडतो, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा.

प्रश्न : मागे तुम्ही लिहिल्याप्रमाणे प्लास्टिक शीटवर अ‍ॅक्रिलिकने चित्रं केली. पावसाळ्यात एकावर एक ठेवलेल्या शीट एकमेकींना चिकटल्या आणि सोडवताना रंगाचे पापुद्रे निघाले. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अ‍ॅक्रिलिक वाळलं तरी दमट हवेत किंचित चिकट राहतं, आणि चिपळूणच्या जुलैबद्दल काय बोलावं! दोन शीटच्या मध्ये बटर पेपर घाला आणि गठ्ठ्यावर वजन ठेवू नका. फ्रेम करताना काच रंगाला टेकता कामा नये. पापुद्रे मोठे निघाले असतील, तर शीटला तेलकट हात लागलेला होता किंवा रंगात पाणी जास्त होतं. ती जागा पूर्ण खरवडून काढा, स्पिरिटने पुसा आणि नव्याने भरा. ठिगळ लावलेलं पुढून दिसतंच.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. याच चित्रपटातल्या राम आणि हनुमानाची चित्रं करून त्यांचे प्रिंट प्रदर्शनात विकले तर चालेल का? रामायण तर सगळ्यांचंच आहे ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रामायण सगळ्यांचं आहे, हे रेखाटन नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शित झाल्यापुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. म्हणजे हा चित्रपट अजून बरीच वर्षं कुणाच्या तरी मालकीचा आहे. मी वकील नाही, पण माझा स्वतःचा नियम साधा आहे : त्या चेहऱ्याचं चित्र घरात लावावं, मैत्रिणीला द्यावं, पैसे घ्यायचे असतील तर स्वतःचा हनुमान काढावा.

आणि तो काढण्यासाठी जपानपर्यंत कशाला जायचं? सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे : रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक दाखवत, वाद्यांच्या साथीने कथा सांगायची. शिवाय कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्याही आहेत. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. चामड्याची बाहुली पडद्यामागे उजेडात धरलेली बघा. पारदर्शक शीटवर काम करणाऱ्याला तिथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तिथेही नक्कल उचलू नका. बघा, विचारा, आणि घरी येऊन स्वतःचं काढा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाला याच चित्रपटातला कुंभकर्ण करायचा आहे. त्याचा कुंभकर्ण नेहमी कागदाच्या मधोमध, आणि माणसाएवढाच होतो.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : कारण तो अख्खा कुंभकर्ण काढतो आहे. त्याला सांगा, फक्त पाय काढायचा. जुना कार्डशीट उभा धरायचा, खाकी कागद चुरगाळून पुन्हा उलगडायचा, त्याचा गुडघ्यापर्यंतचा पाय फाडून चिकटवायचा आणि वरचा भाग कागदाबाहेर जाऊ द्यायचा. सुरकुत्यांवर तपकिरी खडू आडवा फिरवला की कातडी तयार. मग तपकिरी रंगात करंगळी बुडवून पायाच्या अंगठ्याभोवती ठसे उमटवायचे, आणि वाळल्यावर काळ्या पेनने प्रत्येकाला शेपटी आणि दोन हात. ती वानरसेना. ठसे घ्यायला सांगितल्यावर मुलं थांबत नाहीत, तेव्हा कागदाखाली वर्तमानपत्र जरा लांबपर्यंत पसरा.