रात्री सव्वादोनच्या मेसेजचं उत्तर

प्रिय भाऊ,

तुझा मेसेज रात्री सव्वादोनला आलेला, मी सकाळी चहा घेताना पाहिला. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल आला आणि डॉक्टर म्हणे टेन्शन घेऊ नका. आता टेन्शन काय किराणा दुकानातून घेतो का माणूस, की उद्यापासून घेत नाही म्हटलं आणि बंद झालं. फोनच करणार होतो, पण फोनवर तू नुसतं 'हो आप्पा, हो आप्पा' करतो आणि ठेवून देतो, म्हणून लिहायला बसलो. लांबेल जरा, केळीच्या बागेत पाणी सोडून बस आणि वाच.

आधी धडधडीचं. बांधावर गवत कापताना साप निघाला तर काय होतं? हात थंड, तोंड कोरडं, काळीज धाडधाड, आणि तू दोन ढांगांत दहा फूट लांब. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1915 सालीच हे मांडून ठेवलंय, लढा नाहीतर पळा यासाठी शरीर अशी तयारी करतं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यातून अ‍ॅड्रेनलिन सुटतं, त्याच्या मागून कॉर्टिसॉल येतं, रक्तात साखर वाढते, पोटाचं काम मंदावतं. साप बिळात गेला की थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. पण बँकेचा हप्ता काही बिळात जात नाही ना भो. तो रात्री दोनलाही उशाशीच बसलेला असतो, आणि शरीराला बिचाऱ्याला साप आणि हप्ता यातला फरक कळत नाही, ते आपलं तयारी करतच राहतं. तेव्हा डॉक्टरनं तपासून नॉर्मल सांगितलंय तर ही धडधड म्हणजे तुझं हृदय बिघडलंय असं नाही, पण तुला तिचा नुसता भास होतो असंही नाही, ती खरीच आहे.

हीच तयारी महिनोनमहिने चालू राहिली की काय होतं ते हान्स सेल्ये नावाच्या माणसानं मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर पाहिलं. त्यांना काहीही टोचलं, थंडीत ठेवलं, दमवलं, तरी आतून बिघाड साधारण एकसारखाच निघायचा. 1936 मध्ये छापलं त्यानं ते. आधी शरीर दचकतं, मग नेट लावून धरतं, शेवटी थकतं. तू सध्या नेट लावून धरण्याच्या टप्प्यात आहे असं मला वाटतं, म्हणूनच 'तसं चाललंय सगळं' असं सांगत फिरतो. (पण पोटात आग झाली की लगेच टेन्शनवर ढकलू नको हां. माझ्या अल्सरला सगळे वीस वर्षं ड्युटीचं टेन्शन म्हणत होते, शेवटी जंतू निघाला, गोळ्यांचा कोर्स केला आणि बरा झालो.)

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुझ्या आज्याची, म्हणजे माझ्या बाबांची, केळीची बाग आडवी झाली तेव्हा मी कॉलेजात होतो. जूनची सुरुवात, संध्याकाळी पश्चिमेकडून धूळ उठली आणि अर्ध्या तासात खेळ खलास. केळीचं खोड मोडतं तेव्हा आवाज होतो, ओल्या लाकडासारखा कडकड नाही, भदकन् होतो, आणि मग पाणी गळत राहतं. घड भरायला वीस-पंचवीस दिवस बाकी होते. बाबा टॉर्च घेऊन सरीसरीनं फिरले, उभी किती राहिली ते मोजत होते, मी मागे. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठ्याकडे जाऊन पंचनाम्याचं सांगून आले, मजूर बोलावले, मोडलेली खोडं बाहेर काढायला लावली, कच्चे घड ढोरांना टाकले. आणि संध्याकाळी? संध्याकाळी गेले मारुतीच्या पारावर भजनाला. सलग तीन रात्री. टाळ कुटत बसले बारा-बारा वाजेपर्यंत. मला इतका राग आला होता, घरात लाखाचं नुकसान आणि हा माणूस टाळ वाजवतोय, मी आईजवळ म्हटलंही की बाबा पळ काढताहेत. आई म्हणे, "त्याहिले करू दे."

पुढे भुसावळला रेल्वेच्या कंट्रोलमध्ये नोकरीला लागलो, ऑफिसरलोकांच्या एका ट्रेनिंगमध्ये रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांचं नाव ऐकलं, 1984 चं काम त्यांचं, तेव्हा मला बाबांचे टाळ आठवले. ते म्हणतात ताण घटनेत नसतो आणि माणसातही नसतो, माणूस मनात दोन हिशोब करतो त्यावर तो ठरतो. पहिला, यात माझं काय जातंय. दुसरा, मला यात काय करता येईल. आणि मग तोंड द्यायच्या तऱ्हाही दोन, जिथं हात पोहोचतो तिथं काम करायचं आणि जिथं पोहोचत नाही तिथं स्वतःच्या जिवाला सांभाळायचं. पंचनामा आणि भजन. बाबांनी पंचनाम्याच्या वेळी पंचनामा केला आणि वादळाचं काहीच करता येत नव्हतं तिथं टाळ घेतले, ह्यात पळणं कुठंय, मी शिकलेला गाढव होतो.

तुझं नेमकं उलटं चाललंय बघ. बागेत दोन-चार झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले म्हणतो, सीएमव्हीची, म्हणजे त्या कुकुंबर मोझॅक व्हायरसची शंका आहे, आणि चार दिवस झाले तू ती झाडं उपटली नाहीस, कारण 'बघायला गेलं की पोटात गोळा येतो'. म्हणून खोलीत बसून रील्स बघतो. अरे हे तर हातातलं आहे! रोगट झाड दिसलं त्याच दिवशी मुळासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन पुरायचं, मावा दिसतोय का बघून फवारणी, आजूबाजूला काकडी-भोपळ्याचा वेल किंवा गवत असेल तर साफ करायचं. अर्ध्या दिवसाचं काम. आणि ढगाळ हवा कधी जाईल, बऱ्हाणपूरला भाव काय निघाला, ह्यावर मात्र दिवसातून वीस वेळा मोबाईल काढतो. तुझी लावण जूनची, निसवायलाच, म्हणजे केळफूल बाहेर पडायलाच, अजून पाच-एक महिने आहेत, आजच्या भावाचं तू करणार काय, लोणचं?

ज्या गोष्टीवर आपला हात चालतो ती मोठी असली तरी कमी जाळते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी 1970 च्या आसपास एक प्रयोग केला होता, लोकांना कानठळ्या बसतील असा आवाज ऐकवला, काहींच्या हाताशी एक बटण दिलं की अगदीच असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलंच नाही. आवाज दोघांना सारखाच, तरी ज्यांच्याजवळ बटण होतं ते नंतरच्या कामात जास्त वेळ टिकले, चुकाही कमी केल्या. त्यामुळे सकाळी उठलं की आधी एक झाड उपट. ते तुझं बटण.

रात्रीचं माझंही तुझ्यासारखंच होतं. ड्युटीवर कानाला हेडफोन, समोर चार्ट, कुठली मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्यायची, कुठली मेल पुढं काढायची, तिथं मी एकदम शांत. घरी येऊन पडलो की त्याच गाड्या परत डोक्यात, ती अर्धा तास आधी सोडली असती तर, अमक्याला असं बोललो नसतो तर. तुझी काकू एका रात्री वैतागून म्हणाली, "गाडी तं गेली, तुम्ही काऊन अजून फाटकात उभे?" त्यावर चिडलो होतो पण बरोबर होती ती. विचार करू नको म्हणून मात्र तो थांबत नाही. डॅनियल वेग्नरनं 1987 मध्ये लोकांना सांगून पाहिलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, तर तेच आलं सारखं. मी काय केलं, एक दोनशे पानी वही आणली, झोपायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं जे डोक्यात आहे ते लिहायचं, शिव्यासुद्धा. जेम्स पेनेबेकरनं 1986 मध्ये असं लिहिण्याचा उपयोग होतो हे दाखवलंय, तेव्हा मला ते माहीत नव्हतं, नुसता वैताग होता. आणि श्वास, आत घेतो त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव, पाच मिनिटं. त्यानं हप्ता भरला जात नाही पण धडधड उतरते.

लोकांचं सोड. पुण्याची नोकरी सोडून केळी लावली म्हणून पारावर बोलतात ते मलाही ऐकू येतं. पण एका वर्षात नोकरी सोडली, गाव बदललं, कर्ज काढलं आणि वर मार्चमध्ये लग्न. होम्स आणि राहे या दोन डॉक्टरांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 बदलांना मार्क दिले होते, जोडीदार गेला तर 100, आणि लग्नाला 50! आनंदाच्या गोष्टीचाही भार पडतो. तुझी बेरीज मी केली नाही, घाबरशील.

आता एक सरळ विचारतो, राग मानू नको. मेसेजच्या शेवटी 'सगळं संपवून टाकावंसं वाटतं' असं लिहिलंय तू. म्हणजे शेती संपवावीशी वाटते, की स्वतःला? दुसरं असेल तर हे पत्र इथंच ठेव आणि मला आत्ता फोन कर, कितीही वाजले असू देत. मी उचलला नाही तर 14416 ला लाव, टेलिमानस म्हणून सरकारचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि सुनबाईला सांग, तिला आत्तापर्यंत कळलेलं असणारच, तू मध्यरात्री अंगणात फेऱ्या मारतो ते तिला काय दिसत नाही का. दोन-तीन आठवड्यांत झोप नाहीच लागली तर जळगावला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येतो सोबत, मी स्वतः सहा महिने गोळी घेतलीय, गावात कुणाला माहीत नाही, आता तुला कळलं.

रविवारी दोघं इकडे या. काकू वरणबट्टी करणार आहे. येताना बँकेचं पासबुक, कर्जाचे कागद आणि विम्याची पावती पिशवीत घालून आण, जेवणाआधी पाहू, जेवणानंतर मला झोप येते. आणि किती झाडं उपटली तो आकडा आज संध्याकाळी पाठव, फोटो नको, नुसता आकडा.

तुझा,
आप्पा