डेन्व्हरच्या करारावर सही करण्याआधी

प्रिय मुली,

एजन्सीने पाठवलेला तुझ्या नर्सच्या कामाचा करार वाचला. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातलं डेन्व्हर, १३ आठवडे, मेड-सर्ज (औषधोपचार आणि ऑपरेशनच्या पेशंटचा वॉर्ड), रात्रपाळी. पैसे चांगले आहेत, तरी सही दोन दिवस थांबव.

आधी तुझं लायसन्स काढून बघ. ते टेक्सासचं आहे एवढ्याने भागत नाही. नर्सिसवर (Nursys, नर्सची लायसन्सं तपासायची वेबसाइट) स्वतःचं नाव टाक आणि समोर मल्टिस्टेट (अनेक राज्यांत चालणारं) दिसतं की सिंगल स्टेट (एकाच राज्यापुरतं), ते वाच. सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय (अमेरिकन सरकार देतं तो ओळख क्रमांक) मल्टिस्टेट मिळत नाही, त्यामुळे भारतातून येताना हाती पडलेलं लायसन्स सिंगल स्टेटच असू शकतं. मल्टिस्टेट असेल तर कोलोराडोत चालेल. उद्या कॅलिफोर्नियाचं किंवा न्यूयॉर्कचं काम आलं तर मात्र तिथलं वेगळं काढावं लागेल; ती राज्यं कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांचं मल्टिस्टेट लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात, नाहीत. ह्यूस्टनचं घर, ड्रायव्हिंग लायसन्स आणि टॅक्स रिटर्नवरचा पत्ता कायम ठेव. डेन्व्हरलाच राहायचं ठरवलंस, तर ६० दिवसांच्या आत कोलोराडोच्या नर्सिंग बोर्डाकडे तिथल्या लायसन्ससाठी अर्ज कर. हा नियम जानेवारी २०२४ पासून आहे.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगते. पेशंट ज्या राज्यात, त्या राज्याचा नर्सिंग कायदा तुला लागू. टेक्सासमध्ये झेपणार नाहीत इतके पेशंट गळ्यात मारले, तर तू लेखी 'सेफ हार्बर', म्हणजे असं काम धोक्याचं आहे हे नोंदवून कायद्याचं संरक्षण, मागू शकतेस. मग प्रकरण पीअर रिव्ह्यूकडे, म्हणजे इतर नर्सच्या समितीकडे, जातं, आणि प्रामाणिकपणे मागितलं असेल तर त्यापायी नोकरीवर किंवा लायसन्सवर गदा येऊ नये, अशी कायद्याची तरतूद आहे. ते टेक्सासचं कवच. डेन्व्हरला गेल्यावर ते अंगावर आहे असं समजू नकोस. कॅलिफोर्नियात मेड-सर्जला एका नर्सकडे जास्तीत जास्त ५ पेशंट हे कायद्यानेच ठरलंय, पण बहुतेक राज्यांत असा आकडाच नाही. आणि तिकडे काही बिनसलं तर चौकशी कोलोराडोचं बोर्ड करेल, पण प्रकरण टेक्सासच्या बोर्डापर्यंत पोचेल. टेक्सासने लायसन्सवर बंधन घातलं, की बाकीच्या राज्यांत काम करण्याची मुभाही जाते.

म्हणून पेशंट किती, दुसऱ्या वॉर्डात कधी पाठवणार, हे करारात लिहून घे. रिक्रूटर फोनवर गोड बोलतात, त्यांचं कामच ते आहे. रात्री तीन वाजता चार्ज नर्ससमोर (त्या पाळीच्या प्रमुख नर्ससमोर) तो फोन उपयोगी पडत नाही. आठवड्याचे तास नक्की किती आणि हॉस्पिटलने शिफ्ट रद्द केली तर पैसे मिळणार का, तेही लेखी हवं.

मध्येच काम सोडल्यास दंडाचं कलम आहे, ते नीट वाच. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने फिलिपिनो नर्सेसच्या करारातला २५,००० डॉलरपर्यंतचा दंड अवैध ठरवला होता. तरी त्या भरवशावर सही करू नकोस, कोर्टात वर्षं जातात. कलम काढायलाच सांग.

रिक्रूटरला आजच ईमेल कर, फोन नको. उत्तर आलं की मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
ताई