डब्लिनचं सोन्याचं घड्याळ घरासाठीच्या पैशांतून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डब्लिनमध्ये दोघांची नोकरी, पहिल्या घरासाठी ३१,००० युरो साठलेत आणि लिलावात एक जुनं आयरिश खिशातलं घड्याळ मनात भरलंय. १८ कॅरेट सोनं, पाठीवर निळं मीनाकाम, अपेक्षित बोली ४,००० युरो. ‘सोनंच आहे, पैसे कुठे जातायत?’ असं तुम्ही लिहिलंय.

जातात हो. बोलीवर लिलावगृहाचं कमिशन आणि व्हॅट मिळून साधारण २५ टक्के धरा. घड्याळ पडलं ५,००० ला. विकताना १५ टक्के कापले गेले, तर नुसतं मुद्दल सुटायला बोली ५,९०० च्या आसपास जायला हवी.

आता सोनं. वर्णनातले ६० ग्रॅम हे अख्ख्या घड्याळाचं वजन. यंत्र आणि काच वजा करा. आतलं झाकण तर पुष्कळदा सोन्याचं नसतंच, त्यावर बारीक अक्षरांत ‘मेटल’ कोरलेलं सापडतं. राहिले २० ग्रॅम, तर शुद्ध सोनं १५ ग्रॅम. मोडीच्या भावाने ५,००० च्या जवळपासही जात नाही.

बाकीचे पैसे तुम्ही मीनाकामाला आणि ‘आयरिश’ या बिरुदाला मोजताय. मीनाकामाला केसभर तडा असला तरी किंमत घसरते. पुन्हा भाजून दुरुस्त करायचं तर शेजारचा रंगही तडकण्याची भीती. राळ भरली तर भिंगाखाली ठिगळ दिसतं. आणि तबकडीवर ‘डब्लिन’ लिहिलेलं असलं म्हणजे घड्याळ तिथेच घडलं असं नाही. ते नाव बरेचदा दुकानदाराचं, यंत्र इंग्लंडचं नाहीतर स्वित्झर्लंडचं. डब्लिनमध्ये कस लावलेल्या १८ कॅरेटवर युनिकॉर्नच्या, म्हणजे एकशिंगी घोड्याच्या, डोक्याचा शिक्का असतो. तो झाकणाच्या आत शोधा.

मला अडचण दिसते ती वेगळीच. ३,६०,००० चं घर बघताय, म्हणजे गृहकर्जाच्या नियमाप्रमाणे किमान १० टक्के, ३६,००० डिपॉझिट म्हणून तुमचे हवेत. वर १ टक्का मुद्रांक शुल्क, वकिलाची फी निराळी. नुसत्या डिपॉझिटलाच ५,००० कमी आहेत. घड्याळ घेतलंत की तूट दुप्पट.

तेव्हा या वेळी बोली लावू नका. हौस मारा असं मी म्हणत नाही. दोघांच्या पगारातून महिना १०० युरो वेगळ्या खात्यात टाका आणि घराची किल्ली हातात आल्यावर त्यातूनच खरेदी करा. लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात त्या दिवशी मात्र भिंग घेऊन जरूर जा. पुढच्या खरेदीसाठी नजर तयार होईल, आणि बघायला पैसे पडत नाहीत.